कार्ड कुठे चालावे, हे खातेदाराला ठरवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आंब्याच्या हंगामात पंपाचे डिझेल आणि फवारणीची औषधे यांसाठी रोज रोकड मोजून द्यायला नको, म्हणून मी पुतण्यासह एक संयुक्त खाते उघडले व त्याच्या नावे डेबिट कार्ड घेतले. हे कार्ड फक्त पेट्रोल पंपावर आणि शेतीमालाच्या दुकानांत चालेल असे करून द्या, अशी विनंती केल्यावर तशी सोयच नसल्याचे शाखेतून कळले. पुतण्यावर माझा अविश्वास नाही; परंतु बागेत फिरताना कार्ड खिशातून पडले, तर पिन न विचारता नुसते टेकवून पाच हजार रुपयांपर्यंतची खरेदी एका वेळी होऊ शकते, याची धास्ती वाटते.

रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमांमुळे ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून करावयाचे व्यवहार चालू-बंद करण्याचा व त्यांची मर्यादा ठरवण्याचा अधिकार कार्डधारकाला मिळाला, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र व्यवहार कोणत्या पद्धतीने व्हावा एवढेच त्यातून ठरते; कोणत्या प्रकारच्या दुकानात व्हावा, हे ठरत नाही. वास्तविक कार्ड स्वीकारणाऱ्या प्रत्येक दुकानाला त्याच्या व्यवसायाप्रमाणे चार आकडी संकेतांक दिलेला असतो (पेट्रोल पंपाचा 5541, औषधांच्या दुकानाचा 5912) आणि पैशांची मागणी येते तेव्हा तो आकडा आपल्या बँकेपर्यंत पोहोचतोच. दक्षिण आफ्रिकेतील इन्व्हेस्टेक बँकेने तर ग्राहकाला स्वतः संगणकीय आज्ञा लिहून आपल्या कार्डावरचा व्यवहार मंजूर करायचा की नाकारायचा, हे ठरवण्याची मुभा दिली आहे. आपल्याकडेही 2021 मध्ये सुरू झालेले ई-रुपी व्हाउचर ठरावीक कामासाठीच वापरता येते; म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाही.

यात अडचणी आहेत, हे मी जाणतो. संकेतांक दुकानाचा असतो, वस्तूचा नव्हे. आणि आमच्याकडे एकाच दुकानात तांदूळ, खत, छत्र्या आणि मोबाइलची कव्हरे मिळतात! शिवाय एटीएममधून पैसे काढण्याची वाट उघडी राहिली, तर दुकानांवरचे निर्बंध व्यर्थच. ती वाटही त्याच वेळी बंद करावी लागेल.

म्हणून बँकांनी आज्ञा वगैरे लिहायला सांगू नये. इंधन, औषधे, किराणा, शेतीसाहित्य असे चार-पाच वर्ग निवडण्याची सोय द्यावी आणि ती केवळ मोबाइल ॲपमध्ये न ठेवता शाखेत मराठी अर्जावरही द्यावी. आमच्या वाडीत रेंजसाठी सडा गाठावा लागतो, आणि माझ्या वयाला ती चढण आता झेपत नाही.

आपला,
एक आंबा बागायतदार, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग