दर छापलात, वजन कुठाय?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला 'कुठल्या देशात आरोग्य विमा किती' हा तक्ता बघितला. भिंग घेऊन बघितला, ते नंतर सांगतो. भारत सगळ्यात स्वस्त म्हणून हिरव्या रंगात वर, अमेरिका लाल रंगात तळाला. आमच्या सौ. म्हणाल्या, मग आपण उगाचच रडतोय की!

मी तीस वर्षं मार्केट यार्डात गुळाच्या अडत दुकानात हिशेब लिहिलाय. तिथं नुसता दर कुणी विचारला की समोरनं उलटा प्रश्न येतो, रवा, म्हणजे गुळाची ढेप, कितीचा? 30 किलोचा का 10 चा? तुम्ही प्रीमियमचा दर छापलात आणि त्यात मिळतं काय ते छापलंच नाही, मग तुलना कसली केलीत राव.

गेल्या डिसेंबरात सौ.चं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कंपनीचंही नाही, तुम्ही तसंही छापणार नाही. पॉलिसी 3 लाखांची, अकरा वर्षं न चुकता भरलेली. त्यात रूमची लिमिट दिवसाला 3,000. त्या दिवशी शेअरिंगची खोली शिल्लक नव्हती म्हणून 4,500 ची दिली. मला वाटलं फरकाचे दीड हजार रोजचे आपण भरू, तीन दिवसांचे साडेचार हजार, काय मोठं नाही. पण डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवरच्या पोरीनं कागद पुढं सरकवला तर 96,000 च्या बिलात 28,500 माझ्या अंगावर! कारण काय, तर खोली महाग घेतली म्हणून सर्जन, भूल, ओटी, नर्सिंग सगळ्याच्या 54,000 ला त्याच हिशेबानं कात्री, तिसरा हिस्सा, म्हणजे 18,000 गेले. वर हातमोजे, कापूस वगैरेचे 6,000 'नॉन-मेडिकल'. आता ऑपरेशनला हातमोजे मेडिकल नाहीत तर काय भाजी निवडायचे आहेत का? आणि खोली महाग झाली म्हणून सर्जननं काय सोन्याची सुरी वापरली?

त्यात डिस्चार्जसाठी कॅशलेसची, म्हणजे कंपनीनं परस्पर बिल भरायची, मंजुरी यायला सकाळी अकरापासून रात्रीचे साडेसात. डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असा इर्डाचाच, म्हणजे विमा कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाचाच, 2024 चा नियम आहे. तो मी त्या पोरीला सांगितला, ती म्हणाली काका मी काय करू, वरनं मेल आला नाही. तिचंही बरोबरच.

माझा भाचा जर्मनीत स्टुटगार्टला असतो. त्याच्या बायकोचं अपेंडिक्स काढलं, चार दिवस ॲडमिट. नंतर घरी पोस्टानं बिल आलं 40 युरोचं, म्हणजे दिवसाला 10 युरो, तेही वर्षात जास्तीत जास्त 28 दिवसच घेतात. तिथं खोली दोघा-तिघांत मिळते, सिंगल पाहिजे तर वेगळे पैसे मोजा, पण म्हणून डॉक्टरची फी कापत नाहीत. फुकट नाही हां ते. पगाराच्या 14.6 टक्के आणि वर थोडे विम्याला जातात, त्यातले निम्मे मालक भरतो, आणि न कमावणारी बायको-पोरं त्यातच येतात. भाचा पण कुरकुरतो, स्पेशालिस्टची तारीख महिनोन् महिने मिळत नाही म्हणून. पण बिल बघून रडला नाही तो.

तुमच्या तक्त्यात अमेरिकेचे 25 हजार डॉलर दिलेत, त्यातला साधारण पाव भागच नोकरदाराच्या पगारातनं जातो, बाकी कंपनी भरते, हे कोण लिहिणार? अर्थात तिथंही आधी डिडक्टिबल, म्हणजे विमा लागू व्हायच्या आधीची ठरलेली रक्कम, स्वतःच्या खिशातनं भरायचं असतंच, म्हणजे कात्री त्यांनाही चुकलेली नाही. आणि ब्रिटनपुढं प्रीमियम 'शून्य'! अहो, 1948 पासून ते टॅक्समधनं भरतायत.

जाता जाता, आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढल्यावर तुम्ही 'विमा स्वस्त' असा आठ कॉलमी मथळा दिला होता. माझा प्रीमियम 24,800 अधिक 18 टक्के होता, म्हणजे 29,264. टॅक्स गेल्यावर आला 27,200. मूळ प्रीमियमच साडेनऊ टक्क्यांच्या वर वाढवला, बरोबर दहाच्या आत, कारण ज्येष्ठांना दहाच्या वर वाढवायला इर्डाला विचारावं लागतं. कसलं नेमकं गणित! एवढं गणित आमच्या दिवाणजीला पण जमत नव्हतं. सत्तरी गाठली की सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं 5 लाखांच्या उपचारांचं कार्ड मिळतं, पण मला अजून चार वर्षं आहेत, तोवर आजाराला दारात बसवून ठेवतो.

आता ते भिंगाचं. तक्त्याची अक्षरं मुंगीएवढी आणि त्याच पानावर खाली अर्धं पान मेडिक्लेमची जाहिरात, ती मात्र चष्म्याशिवाय वाचता आली. आणि शब्दकोडं गेले दोन रविवार गायब आहे, त्याच्या जागी पण तीच जाहिरात. उत्तरं तरी छापा, 14 आडवं अजून अडलंय.

आपला,
एक जुना वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर