आत गेलेली हनुवटी आणि श्वासाची भीती

महोदय,

मुलांच्या घोरण्याबद्दल आपल्या पुरवणीत अलीकडे लिहून आले, ते चांगलेच झाले. दात-जबड्यांचा डॉक्टर म्हणून त्यात थोडी भर घालतो. हल्ली पालक मोबाइलवर एक्स-रेचा फोटो दाखवतात. बाजूने काढलेला चेहरा, घशापाशी लाल पेनाच्या दोन रेघा आणि खाली शेरा, ‘एअरवे अरुंद’, म्हणजे श्वासाची वाट अरुंद. मुलगा बारा-तेरा वर्षांचा, हनुवटी जरा आत. पुढचा प्रश्न ठरलेला : ‘जबडा पुढे आणला नाही तर झोपेत श्वास अडेल का?’

संबंध आहे, नाकारत नाही. जिभेचा मोठा स्नायू हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला असतो. खालचा जबडा मागे राहिला की जीभही मागे राहते आणि घशातली वाट सरासरीने अरुंद भरते. याची उलट बाजूही आहे. हार्वोल्ड या संशोधकाने माकडांची नाके बुजवून पाहिली होती. तोंडाने श्वास घेता घेता त्यांच्या जबड्यांची ठेवण बिघडली, तीही प्रत्येकाची वेगळ्या तऱ्हेने.

पण लाल रेघ म्हणजे रोग नव्हे. हा एक्स-रे मूल जागे आणि ताठ असताना निघतो. वाट पुढून मागे किती, एवढेच त्यात कळते. आडवी रुंदी दिसतच नाही. मुलाने मान जरा वर केली, आवंढा गिळला, की माप बदलले. थ्रीडी स्कॅनवरूनही झोपेतल्या श्वासरोधाचे निदान करू नये, असे अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांच्या संघटनेने २०१९ मध्येच सांगितले आहे.

आणखी एक गोम आहे. या वयात नाकामागच्या ॲडिनॉइडच्या गाठी आपोआप आकसतात, घसाही वाढतो. दीड-दोन वर्षांनी पुन्हा एक्स-रे काढला तर वाट बहुधा रुंदावलेलीच दिसते, जबडा पुढे आणण्यासाठी दातांवर बसवतात ती प्लेट लावा अथवा न लावा. श्रेय मात्र प्लेटला! (दात-हनुवटीसाठी ती जरूर लावावी, वाढीच्या वयातच तिचा उपयोग. पण त्यासाठी श्वासाची भीती कशाला घालायची?)

मूल रोज घोरत असेल, झोपेत श्वास थांबून दचकत असेल, वर्गात पेंगत असेल, तर आधी कान-नाक-घशाचा डॉक्टर गाठावा. त्याला वाटल्यास झोपेची तपासणी. हनुवटी अगदी नीटस असलेले मूलही मोठ्या टॉन्सिलमुळे रात्रभर घुसमटू शकते, आणि त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. शाळेत आरोग्य तपासणीला येणाऱ्या पथकाने दात बघताना ‘घरी घोरतो का?’ हेही पालकांना विचारून कार्डावर लिहावे, अशी विनंती.

— एक दंतवैद्य, सांगली