लाकडी पाटावरचा शिक्का कुठल्या पायरीत येतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘घरबसल्या आयातदार व्हा : फक्त पाच पायऱ्या’ हा लेख वाचला. पत्र रविवारीच लिहायला घेतले होते, पण सौ. म्हणाल्या, रागाच्या भरात लिहू नका, उद्या लिहा. आज सोमवार. राग तसाच आहे, अक्षर तेवढे बरे येते आहे.

लेख सुबक आहे. कंटेनरांचा रंगीबेरंगी फोटोही झकास. पण पाच पायऱ्या म्हणजे फार तर घराचा ओटा झाला. न्हावाशेव्याच्या बंदरातून माल सोडवून नाशिकला आणणे म्हणजे ब्रह्मगिरी चढणे आहे, तेही श्रावणात, निसरड्या पायऱ्यांवरून.

मी नाशिकच्या अंबडला एकोणीस वर्षे द्राक्षबागेचे ब्लोअर, म्हणजे औषध फवारायची यंत्रे, बनवतो. टाकी, चासी, पंखा सगळे इथलेच. डायफ्राम पंप मात्र बाहेरचा लागतो. वर्षानुवर्षे तो मी मुंबईच्या व्यापाऱ्याकडून घेत होतो. मग मलाही तुमच्या लेखासारखेच कुणीतरी सांगितले, की मधला माणूस कशाला पोसता, थेट मागवा.

पहिली पायरी, ‘आयईसी क्रमांक (आयात-निर्यात करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) एकदा काढला की आयुष्यभर चिंता नाही’. फी पाचशे रुपये, हे खरे. पण दर वर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती पुन्हा तपासून नोंदवावी लागते. माहिती जशीच्या तशी असली तरी ‘जशीच्या तशी आहे’ हे नोंदवायचे. नाही नोंदवली तर क्रमांक निष्क्रिय होतो आणि ते तुम्हाला कळते माल वाटेत असताना. हे लेख लिहिणाऱ्या तज्ज्ञांनी का लिहिले नाही? जागा नव्हती म्हणावे, तर फोटो अर्धे पान आहे.

दुसरे, ‘साडेसात टक्के शुल्क भरले की माल तुमचा’. साडेसात टक्के हे मूळ सीमाशुल्क. त्या शुल्कावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार. मग मालाची किंमत, शुल्क आणि अधिभार यांच्या बेरजेवर अठरा टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शंभर रुपयांच्या मालाला सत्तावीस रुपये त्र्याहत्तर पैसे रोख मोजावे लागतात. आयजीएसटीचे क्रेडिट पुढे मिळते, कबूल. पण पुढे म्हणजे पुढे, पैसे आज जातात. आणि शुल्क वेळेत भरले नाही तर पंधरा टक्के दराने व्याज.

‘बोट लागल्यावर सावकाश बिल ऑफ एंट्री दाखल करा’ हे वाक्य वाचून तर मी चहाचा कप खाली ठेवला. बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे द्यायचा कागद. तो बोट येण्याच्या आदल्या दिवसापर्यंत दाखल व्हावा लागतो. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज पाच हजार आणि त्यानंतर रोज दहा हजार रुपये. तुमच्या किती वाचकांनी ते ‘सावकाश’ कात्रण काढून ठेवले असेल देव जाणे.

आता माझी गोष्ट. लांबण लागेल, पण छापायची तर ही छापा, वरचे कापले तरी चालेल.

साल २०२३. द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या हंगामासाठी चीनमधून ४८ पंप मागवले. एका पंपाला ९० डॉलर, सीआयएफ न्हावाशेवा. म्हणजे बोटीचे भाडे आणि विमा त्यांच्याकडे. मी हरखलो. मुंबईचा व्यापारी तोच पंप ९,६०० रुपयांना देत होता आणि इथे साडेसात हजारात दारात, असा माझा हिशेब. तीस टक्के आगाऊ पाठवले. माल सप्टेंबरअखेर निघणार होता. तिथे त्यांचा सण आणि ऑक्टोबरची मोठी सुट्टी आली, माल निघाला १२ ऑक्टोबरला. पंप कस्टम्सच्या यादीत ८४१३ या क्रमांकाखाली दाखवायचा की फवारणी यंत्राचा भाग म्हणून ८४२४ खाली, यावर सीएचएशी, म्हणजे कस्टम्सचे काम बघणाऱ्या एजंटाशी, दोन दिवस घातले. शेवटी कळले की पंप कुठेही बसवा, कायद्याला तो पंपच.

बोट ६ नोव्हेंबरला लागली. माल एलसीएल, म्हणजे एका कंटेनरमध्ये दहा जणांचे सामान. तो सीएफएसला, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, जाऊन रिकामा होईपर्यंत दिवाळी आली. भाऊबीज झाल्यावर तपासणी लागली आणि सीएचएचा फोन आला.

“काका, पंपाला काही झालेलं नाही. पाटाला झालंय.”

पाट म्हणजे पंप ज्यावर बांधून आले होते ते लाकडी पॅलेट. दोन होते. एकावर शिक्का होता, दुसऱ्यावर नव्हता. गव्हाच्या लोंबीसारखे चिन्ह, देशाचा दोन अक्षरी कोड आणि ‘एचटी’ अशी अक्षरे असा तो शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान तीस मिनिटे तापवले आहे, त्यात कीड नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो नसला की माल अडकतो. पंप विकणाऱ्या चीनमधल्या बाईंना मेसेज केला. उत्तर आले, पॅलेट अगदी नवे आहे, सर, काळजी नसावी. नवे होते हो! नवे होते म्हणूनच तर शिक्का नव्हता. जुने वापरले असते तर एखादवेळी आधीच्या फेरीचा तरी सापडला असता.

नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. अमेरिकेतून आलेल्या वेलींबरोबर फायलोक्सेरा आला आणि त्याने फ्रान्सच्या बागा कशा संपवल्या, हे नाशिकचा बागायतदार ऐकून आहे. उद्या एखादा भुंगेरा पॅलेटमधून उतरून दिंडोरीत गेला तर माझेच गिऱ्हाईक बुडेल. माझी तक्रार नियमाबद्दल नाही. मला तो कुणी सांगितला नाही, ही तक्रार आहे. माल विकणाऱ्याने सांगितला नाही, बोटीची व्यवस्था करणाऱ्या फॉरवर्डरने सांगितला नाही, आणि त्या वेळी मी ज्यांना ‘सल्ला फी’ दिली होती त्यांनीही नाही. तुमच्या पाच पायऱ्यांतही तो नाही. लाकडावरचा दोन इंचांचा शिक्का, पण अख्खा व्यवहार त्यावर उभा.

मग धुरी देणे, पॅकिंग उघडणे, पुन्हा बांधणे, हमाली आणि रोजचे ग्राउंड रेंट, म्हणजे माल पडून राहिल्याचे जागाभाडे. हे सगळे मिळून २६,४०० रुपये.

माल सुटायची वेळ आली तेव्हा आणखी एक बिल आले. फॉरवर्डरच्या इथल्या माणसाचे, ४१,३०० रुपयांचे. डीओ (माल सोडायची ‘डिलिव्हरी ऑर्डर’) चार्ज, डेस्टिनेशन चार्ज, डॉक्युमेंट चार्ज, सीएफएसचा चार्ज आणि एक नुसताच ‘सर्व्हिस’. माल होता सव्वादोन घनमीटर, बिल लावले तीन घनमीटरचे. मी म्हटले, भाडे तर विकणाऱ्याने भरले आहे. तो हसून म्हणाला, “भाडं झिरोच होतं, साहेब.”

हे मला समजायला दोन दिवस लागले, म्हणून समजावून लिहितो. तिकडचा फॉरवर्डर माल विकणाऱ्याला बोटीचे भाडे शून्य सांगतो. कधी कधी माल मिळावा म्हणून उलट त्यालाच चार पैसे देतो. विकणारा खूश. ती सगळी वसुली इकडच्या बंदरावर, ज्याने भाव ठरवलाच नाही त्याच्याकडून. डीओ त्यांच्या हातात, पैसे भरल्याशिवाय ती सुटत नाही आणि रोज ग्राउंड रेंट चढते आहे. भांडायचे तर भांडा. उपाय एकच, माल एफओबी घ्यायचा, म्हणजे बोटीवर चढेपर्यंतचा खर्च विकणाऱ्याचा आणि पुढचा आपला, फॉरवर्डर आपला ठरवायचा आणि इथले सगळे चार्ज बुकिंगच्या आधी लेखी मागायचे. तुमच्या तज्ज्ञांनी मात्र नवख्यांना ‘सीआयएफ सोयीचे’ असा सल्ला दिला आहे. सोयीचे आहेच, पण कोणाला?

पंप सुटले २८ नोव्हेंबरला. टेम्पो पडघ्याला अडकला, कसारा घाटात अडकला, आणि २९ तारखेला अंबडला आला. भाडे १४,०००. आता बेरीज करा. माल तीन लाख साठ हजार, क्रेडिट न मिळणारे शुल्क आणि अधिभार २९,७००, फॉरवर्डरचे ४१,३००, पॅलेटचे २६,४०० आणि टेम्पो. पंप पडला ९,८२० रुपयांना. मुंबईचा व्यापारी ९,६०० ला देत होता, उधारीवर, दारात आणून.

पैशाचे जाऊ द्या. २६ नोव्हेंबरला काय झाले ते तुमच्याच पहिल्या पानावर होते, निफाड-दिंडोरीच्या गारपिटीचे फोटो. मोहाडीचे एक बागायतदार ऑक्टोबरपासून माझ्या ब्लोअरसाठी थांबले होते. डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाच्या दिवसांत दुसऱ्याचा ब्लोअर रात्री भाड्याने आणून फवारण्या करत होते आणि दर चार दिवसांनी मला फोन करत होते, “शेठ, तुमचा पंप समुद्रात पोहतोय का अजून?” ३० तारखेला मीच त्यांना फोन केला, पंप आला म्हणून. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आता काय तारांवर फवारू?”

आगाऊ घेतलेले पैसे मी परत केले. ते नको म्हणत होते, तरी केले. त्या सालचे सतरा पंप पुढच्या हंगामापर्यंत गोदामात राहिले.

एवढे होऊनही मी आयात सोडलेली नाही, हेही सांगतो. आता पॅलेट बांधून झाले की शिक्क्याचा फोटो आल्याशिवाय उरलेले सत्तर टक्के पाठवत नाही. फोटो दोन्ही बाजूंचा मागतो. परवडते, पण सवयीने परवडते, पाच पायऱ्यांनी नाही. आणि दोन-अडीच घनमीटर मागवणाऱ्याने तर आधी मुंबईच्या व्यापाऱ्याचा भाव विचारून घ्यावा. मधला माणूस दर वेळी चोर नसतो, पुष्कळदा तो आपल्या वाटची डोकेदुखी विकत घेत असतो.

लेखाच्या खालीच त्याच तज्ज्ञांच्या दोन दिवसांच्या निवासी शिबिराची जाहिरात आहे. फी ४,९९९. लेख कुठे संपतो आणि जाहिरात कुठे सुरू होते, हे मला चष्मा लावूनही कळले नाही. तुमच्या पुरवणीला पैसे लागतात, मान्य. मग वर ‘जाहिरात’ एवढा एक शब्द लिहायला काय हरकत होती? आम्ही ती पाने उलटून पुढे गेलो असतो.

आणि निफाडच्या ड्रायपोर्टबद्दल, म्हणजे समुद्राविना माल सोडवायच्या बंदराबद्दल, कृपया एकदा नीट छापा. ‘लवकरच’ हा शब्द मी तुमच्याकडे इतकी वर्षे वाचतो आहे की आता तो ड्रायपोर्टचे पहिले नाव वाटतो. मुलाने मध्यंतरी विचारले, बाबा, ते झाले तर माल उरणला सोडवावा लागणार नाही का? मी म्हटले, आधी पेपर वाच.

शेवटी एक वेगळेच. लासलगाव-पिंपळगावचे बाजारभाव तुम्ही आत अकराव्या पानावर, तेही मुंगीच्या अक्षरात नेले आहेत. तुम्हाला तो रकाना किरकोळ वाटत असेल. माझ्या गिऱ्हाइकाचा चेक कधी वटेल हे मी त्यावरून ठरवतो. पंधरा दिवसांपूर्वी एका ओळीत उन्हाळ कांद्याचा किमान दर कमाल दरापेक्षा जास्त छापला होता. फोन केला तर ऑपरेटरने जाहिरात विभागाला जोडून दिले.

कळावे,
आपला नियमित (अजून तरी) वाचक,
एक ब्लोअरवाला, अंबड, नाशिक