कौलारू घरापुढे टॉवरची बाग: सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: विलेपार्ले (पूर्व) येथील आमच्या घराच्या बागेचे काम दुरुस्त करून मिळणे व डिझाइन फी परत मिळणे

महोदय,

तुमच्या डिझायनरनी आमचं घर आत-बाहेर फिरून पाहिलं, टेपने मापं घेतली, फोटो काढले. मंगलोरी कौलं, लाकडी खांबांचा व्हरांडा, पुढे ओटा, अंगणात तुळशीवृंदावन. ‘घराला साजेशी बाग’ हे शब्द तुमच्याच कोटेशनमधले आहेत आणि ‘साइट-स्पेसिफिक डिझाइन’ या नावाखाली ३५,००० रुपये वेगळे लावलेले आहेत. प्रत्यक्षात करून दिलेली बाग, कारंज्यासकट, तुमच्या माहितीपत्रकात लोअर परळच्या एका काचेच्या टॉवरपुढे आधीच छापलेली आहे.

नुसतं दिसण्याचं असतं तर मी एवढं लिहीत बसले नसते. आमच्या कौलांना पन्हळ नाही. पावसाचं पाणी पागोळ्यांनी सरळ खाली पडतं. ते पडायचं तिथे शहाबादी फरशीची उथळ चर होती, ती पाणी फाटकाबाहेरच्या गटारात नेऊन सोडायची. तुमच्या माणसांनी ती चर बुजवली आणि नेमकी त्याच रेषेत लॅव्हेंडरची रांग लावली, भोवती पांढरे गोटे. लॅव्हेंडर हे भूमध्य समुद्राकाठचं, कोरड्या उन्हाळ्याचं झाड. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात वरून पागोळ्यांचा मारा. जुलै संपायच्या आत रोपं मुळाशी कुजून काळी पडली. गोट्यांवर शेवाळ धरलं आणि मधून उडणारा चिखल भिंतीवर हातभर चढला आहे. सुपरवायझर म्हणतात, ‘मॅडम, रोपं रिप्लेस करून देतो.’ कुठे, तिथेच?

पेव्हर ब्लॉकचं काम तर याहून वाईट. जुन्या फरश्या काढून वर भराव टाकल्यामुळे अंगणाची पातळी एवढी चढली की ओट्याची खालची पायरी दिसेनाशी झाली. पूर्वी उतार फाटकाकडे होता, आता घराकडे आहे. जोतं जुनं, चुन्यातलं. त्याला पाणी लागून राहिलं आणि आतल्या खोलीत भिंतीला ओल येऊन पोपडे सुटू लागले. काढलेल्या शहाबादी फरश्या ‘डेब्रिज’ म्हणून टेम्पोत भरून नेल्या, मला न विचारता.

बकुळीच्या बुंध्याला सिमेंट अगदी भिडवलं आहे. मुळांना ना हवा, ना पाणी. उद्या झाड वाळलं तर महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला उत्तर कोणी द्यायचं? १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाडाला इजा करणंही येतं.

कातरून चौकोनी केलेल्या डुरांटाच्या झुडपांशी माझं वैर नाही. शिवाजी पार्कच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारतींच्या गोलसर बाल्कन्यांखाली ती शोभतीलही. आम्ही व्हॉट्सअॅपवर स्पष्ट लिहिलं होतं: लॉन नको, अंगण मोकळं हवं, अनंत, सोनचाफा, जास्वंद, मोरीच्या पाण्यावर कर्दळ आणि अळू. त्यावर तुमच्याकडून अंगठा आला होता. स्क्रीनशॉट जोडला आहे. आणि तरी आंब्याच्या दाट सावलीत मेक्सिकन लॉन अंथरलं. ते पिवळं पडून उचलून आलं, हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझी मागणी अशी: पेव्हर आणि भराव काढून अंगण मूळ पातळीवर आणा, उतार फाटकाकडे द्या, पागोळीखालची चर पुन्हा बांधा, बकुळीभोवतीचं सिमेंट फोडून माती मोकळी करा. फरश्या जुन्याच परत मिळाव्यात, नसतील तर त्याच जाडीच्या. डिझाइन फी आणि रोपांचे पैसे परत हवेत. कारंजं तुम्ही घेऊन जा, डास फुकट पाळायची आम्हाला हौस नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ओल आलेल्या भिंतीच्या दुरुस्तीचा खर्चही त्यात धरला जाईल.

पाहणीला माणूस पाठवाल तेव्हा डिझायनरनाच पाठवा, आणि पाऊस चालू असताना पाठवा.

आपली ग्राहक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

सोबत: कोटेशन व बिलाच्या प्रती, कामाआधीचे व नंतरचे फोटो, व्हॉट्सअॅप संदेशाचा स्क्रीनशॉट