पाइपच्या तंबाखूला लाकडी पेटी नको

महोदय,

घरातील वस्तूंच्या साठवणुकीविषयी आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात, पाइपची तंबाखू नक्षीदार लाकडी पेटीत ठेवावी आणि ती वाळू नये म्हणून सोबत सफरचंदाची फोड टाकावी, असा सल्ला वाचला. पाइप ओढणे प्रकृतीला अपायकारक आहे, याबद्दल वाद नाही. परंतु हा सल्ला मानणाऱ्याची तंबाखू एक तर वाळून भुगा होईल, नाही तर बुरसेल, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पाइपच्या तंबाखूत वजनाच्या साधारण १३ ते १५ टक्के ओलावा असला, की ती नीट पेटते आणि जिभेला चटकाही बसत नाही. लाकूड नेमका हाच ओलावा शोषून घेते. स्पॅनिश सीडर या सुगंधी लाकडाच्या ज्या पेट्या आपण पाहतो त्या सिगारसाठी असतात. त्यांत हवा मुद्दाम दमट राखावी लागते आणि लाकडाचा वास सिगारला लागलेला चालतो, किंबहुना हवाच असतो. पाइपची कातरलेली तंबाखू मात्र तो वास उचलते आणि मग तिचा स्वतःचा गंध शोधावा लागतो. सफरचंदाच्या फोडीबद्दल एवढेच, की बंद डब्यात बुरशी प्रथम तिलाच येते. तंबाखू कोरडी पडलीच, तर भाजलेल्या मातीची छोटी चकती शुद्ध पाण्यात भिजवून, पुसून, दिवसभर आत ठेवावी आणि आठवणीने काढून घ्यावी.

कारखान्यातून आलेला पत्र्याचा डबा फोडेपर्यंत उत्तम. सील शाबूत असेल, तर त्यात तंबाखू वर्षानुवर्षे टिकते. मात्र कडेला नाणे घालून पीळ दिला आणि ‘फुस्’ असा आवाज आला, की त्या डब्याचे काम संपले, कारण त्यानंतर त्याचे झाकण नुसते वर टेकलेले असते. प्लास्टिकच्या पातळ पिशव्यांतून तर गंध आणि ओलावा दोन्ही हळूहळू निसटतात.

माझ्या मते काचेच्या बरणीला पर्याय नाही. सपाट चकती आणि तिच्यावर आवळायचे आट्याचे कडे अशी झाकणे असलेल्या बरण्या चांगल्या. आट्याच्या ज्या बरणीचे पेटंट जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले, तिच्याच या वंशातल्या. तारेच्या खिटीची, रबरी कडे असलेली बरणीही चालते, पण रबर कडक झाले की ते बदलावे. बरणी पारखायची असेल, तर ती पाण्याने भरावी, बाहेरून कोरडी करावी आणि रात्रभर कागदावर उलटी ठेवावी. सकाळी कागदावर ओलीचा डाग दिसला तर ती बरणी या कामाची नाही. जुनी बरणी वापरताना काच धुऊन स्वच्छ होते, झाकण होत नाही. कॉफीच्या बरणीला तिचेच झाकण लावून मी हे शिकलो.

बरणी लहान घ्यावी, कारण प्रत्येक वेळी झाकण उघडले की आतली हवा बदलते. सुमारे २५० मिलिलिटरच्या बरणीत ५० ग्रॅम तंबाखू न ठासता मावते. काचेतून ऊन लागले की पान फिके पडते, त्यामुळे जागा अंधारी आणि सारख्या तापमानाची हवी, फ्रिज नको. स्वयंपाकघराची फळी तर मुळीच नको, कारण चहापत्तीसारखी दिसणारी ही वस्तू लहान मुलाच्या किंवा पाळीव प्राण्याच्या पोटात गेल्यास निकोटिनची विषबाधा होते. बरणी कुलपात असावी आणि तिच्यावर नाव व भरल्याची तारीख लिहिलेली असावी. हा मजकूर झाकणावर लिहू नये. झाकणे धुताना त्यांची अदलाबदल झाल्याने मी एकदा लॅटाकिया ही धुरकट वासाची तंबाखू, व्हर्जिनिया या दुसऱ्या प्रकारची समजून, व्हर्जिनियाच्या बरणीत ओतली होती, आणि तो धुराचा वास पुढे त्या व्हर्जिनियातून काही केल्या गेला नाही.

आपला,
एक वाचक