देणगी हवी, पण वेळेवर

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठीच्या देणग्यांचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. स्वागत योग्यच, पण देणगी नेमकी कोणत्या खर्चाला हवी, हा प्रश्न त्यात निसटला. दात्यांचा ओढा इमारती, सभागृहे आणि सुवर्णपदकांकडे असतो. तिथे नाव कोरता येते, हेही खरेच! संशोधक विद्यार्थ्याचे घोडे अडते ते भलतीकडेच. परिषदेत निबंध स्वीकारला जातो, पण नोंदणी शुल्क आणि प्रवासखर्च आधी स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. बिले सादर केल्यावर परतफेड काही महिन्यांनी. ज्याच्याकडे तेवढी शिल्लक नाही, तो जातच नाही. पुढच्या नोकरीच्या ओळखी मात्र बहुधा तिथेच, आपले संशोधन मांडणाऱ्या भित्तिपत्रकापाशी उभे राहून होतात.

हार्वर्डला १६४३ मध्ये ॲन रॅडक्लिफ यांनी दिलेले १०० पौंड गरजू विद्यार्थ्याच्या निर्वाहासाठी होते. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी उभारलेला निधी कर्जाऊ शिष्यवृत्तीचा. विद्यापीठांनीही दात्यांकडे आगाऊ देता येईल असा छोटा निधी मागावा आणि त्याच्या मंजुरीचा अधिकार विभागप्रमुखांना द्यावा.

– एक निवृत्त प्राध्यापक