वॉटरलू स्ट्रीटवरची काडी

सिंगापूर

प्रिय विनायक,

सप्रेम नमस्कार. पाच महिन्यांत पत्र नाही, तेव्हा तुझ्या शिव्या पोचल्या असे समज. आम्ही ठीक आहोत. गुडघा दुखायचा तेवढा दुखतो.

येथे वॉटरलू स्ट्रीटवर १८७० सालचे कृष्णमंदिर आहे आणि जवळच १८८४ सालचे क्वान इम देवीचे चिनी देऊळ. कित्येक चिनी भाविक दोन्हीकडे हात जोडतात, तसा शनिवारी मीही एका चिनी सहकाऱ्याबरोबर गेलो. गुडघे टेकून मनात प्रश्न धरायचा आणि शंभर काड्यांचा नळा कलता धरून एकच काडी बाहेर पडेपर्यंत खुळखुळवायचा. माझ्या सात-आठ एकदम पडल्या, तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी तुमच्या गावच्या गुरवासारखे पाहिले. शेवटी एक पडली. ती खरी का, हे अर्धचंद्राकार ठोकळ्यांची जोडी टाकून विचारायचे, एक उताणा नि एक पालथा पडला की होकार. म्हणजे देवाला पाकळ्या लावून घ्यायचा आपला कौलच! त्याला तू ‘पाकळ्यांची लॉटरी’ म्हणाला होतास आणि आपण दोन दिवस अबोला धरला होता.

मी विचारले होते, मोठे घर घ्यावे का. काडीच्या क्रमांकाची चिठ्ठी मध्यम भाकिताची निघाली. सहकाऱ्याने अर्थ सांगितला की सध्या सारे सुरळीत आहे, म्हणूनच सावध राहा; वर ‘जू आन स वेई’ हे त्यांचे जुने चार अक्षरांचे वचन ऐकवले, स्वस्थतेत असताना संकटाचा विचार करावा.

मला तेथेच अण्णांचा छापखाना दिसला. दाराशी लग्नपत्रिकावाल्यांची रांग, तू छपाईचे खिळे जुळवता जुळवता म्हणालास, “अण्णा, आता ऑफसेटचे नवे यंत्र घ्या,” आणि अण्णांनी शाईचे बोट धोतराला पुसत विचारले, “रांग दिसत नाही का?” मीही तुझ्यावरच चिडून निघून गेलो. विनायक, माझे तीन दिवसांचे काम कार्यालयातली नवी मुलगी संगणकाकडून दुपारपर्यंत करून घेते, आणि साहेबांनी ते शिकून घ्यायला सांगितले तेव्हा मी म्हणालो, “टेबलावर फायलींचा ढीग दिसत नाही का?” आवाजसुद्धा अण्णांचाच होता.

घराचे तूर्त थांबवले आहे. सोमवारपासून त्या मुलीजवळ खुर्ची ओढून बसणार आहे. ती मला काका म्हणते, हे वेगळेच दुखणे.

चिंगीच्या दहावीचे काय झाले? कलमांना मोहोर आला का? वहिनींना नमस्कार.

एक मात्र सविस्तर लिही: मी निघून गेल्यावर तू अण्णांना आणखी काय म्हणालास?

तुझा,
मधू